खारपाणपट्ट्यात टोमॅटो: खार सोसणारं वाण खरंच असतं का?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी.

आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्याच्या (जमीन आणि भूजल दोन्ही खारं असलेल्या पट्ट्याच्या) अगदी पोटात. कपाशी, तूर, मूग आणि पावसाच्या ओलीवरचा हरभरा, यापलीकडे आम्ही कधी गेलो नाही, कारण बोरचं पाणी पिकाला देण्यासारखं नाही. यंदा उन्हाळ्यात शेततळं खोदून झालं. पावसाळ्यात ते भरलं की अर्ध्या एकरात टोमॅटो लावावा असं माझ्या आणि बायकोच्या मनात आहे. आमच्या आठवडी बाजारात सगळी भाजी बाहेरून येते, म्हणून गिऱ्हाईक गावातच मिळेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एका कृषी सेवा केंद्रात "हे वाण खार सहन करते" असं सांगून मला बियाण्याचं पाकीट दाखवलं. पाकिटावर तसं काहीच छापलेलं नव्हतं. टोमॅटोत असं वाण असतं का?

दुसरं, मुलीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात समुद्राच्या पाण्यावर जगणारा रानटी टोमॅटो होता. हे खरं असेल तर ते बी आपल्याकडे का येत नाही? खारपाणपट्ट्याइतकी गरज दुसऱ्या कोणाला असेल?

तपासणीचा अहवाल: बोरच्या पाण्याची विद्युत वाहकता (क्षार किती ते दाखवणारा आकडा) ३.८ डेसीसायमन, सामू (पीएच) ८.४. मातीचा सामू ८.७.

मोर्णाकाठ

शेततळ्याबद्दल अभिनंदन भाऊ! आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, धागा वाचतो आहे.

बीजांकुर

व्हिडिओतली गोष्ट खरी आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

टोमॅटोचे सगळे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूचे: पेरू, इक्वेडोर, चिली आणि समुद्रातली गॅलापॅगोस बेटं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या चार्ल्स रिक यांनी (१९१५–२००२) आयुष्यभर हे रानटी टोमॅटो हिंडून गोळा केले. गॅलापॅगोसच्या इसाबेला बेटावर भरतीच्या रेषेच्या जवळ, लाटांचे तुषार अंगावर घेत वाढणारं एक झाड त्यांना मिळालं. त्याच विद्यापीठात रश आणि एप्स्टीन यांनी १९७६ साली त्याचा प्रयोग छापला. पोषकद्रव्यं घातलेल्या समुद्राच्या पाण्यात ते झाड तगलं. लागवडीचा टोमॅटो मात्र निम्म्या समुद्रपाण्याच्या पुढे टिकला नाही.

या दोघांची मीठ हाताळायची रीतच वेगळी आहे. लागवडीचा टोमॅटो सोडियमला पानांपर्यंत पोचू द्यायचं नाही म्हणून मुळाशी अडवत बसतो. मीठ वाढत गेलं की तो अडसर तुटतो आणि पानं कडेने करपतात. गॅलापॅगोसचं झाड सोडियम पानात येऊ देतं, पण पेशीच्या आतल्या पोकळीत कोंडून ठेवतं. आपल्याकडे बळदात धान्य भरून तोंड लिंपत, तसं. पेशीच्या कामाच्या जागेला त्याचा त्रास होत नाही आणि कोंडलेल्या मिठाच्या जोरावर झाड मुळातून पाणीही ओढून घेतं.

कोरड्या डोंगरउतारावरचा पेनेली, अटाकामा वाळवंटाच्या कडेचा चिलेन्स, मनुक्याएवढ्या लाल फळांचा पिंपिनेलीफोलियम, या रानटी जातींतही खार सोसणारे नग सापडले आहेत. पण एका जातीतले सगळे नग सारखे नसतात, हे ध्यानात ठेवा. किनाऱ्यावरचं झाड सोसेल, त्याच जातीचं डोंगरावरचं सोसेलच असं नाही.

धुऱ्यावरचा

बीजांकुर भाऊ, माहिती एक नंबर. पन मले एक सांगा. समुद्राच्या पान्यात झाड जगलं, हे मान्य. त्याले भेदरे (टमाटे) किती लागले? आमच्या बोरच्या पान्यावर बी झाड जगते. पयल्या तोड्यापर्यंत हिरवंगार दिसते. मंग फयं गोट्यायवानी बारकी आन् बुडाले कायी. जगनं आन् पिकनं या दोन येगया गोष्टी हायेत बाप्पा.

बीजांकुर

धुऱ्यावरचा भाऊ, तुम्ही नेमकं मर्मावर बोट ठेवलं. त्या झाडाची वाढही खाऱ्या पाण्यात मंदावली होती, मेलं नाही एवढंच. आणि गॅलापॅगोसचं फळ असतं पिवळं-नारिंगी, बोराएवढं. पेनेलीचं फळ पिकलं तरी हिरवंच आणि लवदार. बाजारात कोणी घेणार नाही.

आता लागवडीच्या टोमॅटोचे आकडे. मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली पिकांच्या क्षारसहनशीलतेची जी मांडणी केली ती आजही वापरतात. टोमॅटोसाठी मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता २.५ डेसीसायमनपर्यंत असेल तर उत्पादन घटत नाही. त्यापुढे प्रत्येक एका डेसीसायमनला साधारण १० टक्के उत्पादन जातं. मिरचीची मर्यादा १.५, कांद्याची १.२. कपाशीची ७.७. खारपाणपट्ट्यात कपाशी का टिकली ते यावरून कळेल.

पूर्णाकाठ, तुमच्या बोरचं पाणी ३.८ म्हणजे लिटरला जवळपास अडीच ग्रॅम क्षार. निचऱ्याच्या जमिनीत एवढ्या पाण्यावर टोमॅटोचं सुमारे तृतीयांश उत्पादन जाईल. "निचऱ्याच्या" हा शब्द ठळक समजा.

चुनखडी

वरच्या शेवटच्या वाक्यावरच मला लिहायचं आहे. मी माती तपासणीच्या कामात आहे आणि या धाग्यात मातीबद्दल अजून कोणीच बोललं नाही.

रानटी टोमॅटोवरचं बहुतेक संशोधन कुंडीत, वाळूत किंवा नुसत्या पोषक द्रावणात साधं मीठ घालून झालेलं आहे. तिथे झाडासमोर प्रश्न एकच, मीठ. पूर्णेच्या खोऱ्यात प्रश्न दोन आहेत. पाण्यात क्षार आहेत, आणि मातीच्या चिकणकणांना सोडियम चिकटलेला आहे. हा दुसरा प्रश्न जास्त अवघड. सोडियम चिकटला की ओल्या मातीचे कण फुगतात आणि सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली जात नाही. मुळांना हवा मिळत नाही. वाळली की तीच माती दगडासारखी होते. याला आपण चोपण म्हणतो. गॅलापॅगोसचं झाड लाव्हाच्या खडकांच्या फटीत वाढतं, त्याला मीठ ठाऊक आहे, पण आपल्या काळ्या चिकणमातीत मुळं गुदमरणं ठाऊक नाही. त्याचा जीन आणला म्हणून चोपण जमिनीत टोमॅटो येईल असं मी तरी म्हणणार नाही.

हा सोडियम आला कुठून तेही सांगतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यात यावर बरंच काम केलंय. कोरड्या हवामानात जमिनीतला कॅल्शियम चुन्याच्या रूपात बसत जातो. नांगरताना ते पांढरे खडे वर येतात ना, तेच. कॅल्शियम असा अडकला की चिकणकणांवर सोडियमचं प्रमाण वाढतं. पुस्तकात चोपण जमिनीची व्याख्या विनिमययोग्य सोडियम (चिकणकणांना चिकटलेला सोडियम) १५ टक्क्यांच्या वर अशी असते. आपल्या काळ्या जमिनीत त्याच्या बरंच खाली असतानाच निचरा बिघडायला लागतो. त्यामुळे अहवालात १५ च्या आत आकडा आला म्हणून निर्धास्त राहू नका.

पूर्णाकाठ, तुमच्या मातीचा सामू ८.७ आहे. विनिमययोग्य सोडियम तपासला का?

दख्खनी

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडे उसाला पाटपाणी देऊन देऊन हजारो एकर चोपण झाली. तुमच्याकडे पण कालव्याचं पाणी जास्त झालं असणार. पाणी कमी द्या, सुटेल.

मोर्णाकाठ

दख्खनी दादा, आमच्या पट्ट्यात कालवेच नव्हते हो! इथली जमीन आणि भूजल मुळातच खारं. अमरावती, अकोला, बुलढाणा तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय. कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) खारपाणपट्ट्याची म्हणून नऊशेच्या वर गावं वेगळी धरली होती. तुमच्याकडे पाणी जास्त झाल्याने बिघडलं, आमच्याकडे गोडं पाणी नाही म्हणून अडलं.

दख्खनी

अच्छा, हे माहीत नव्हतं. मग आमचा भूमिगत निचऱ्याचा उपाय तुमच्याकडे लागू होतो का?

चुनखडी

थोडाफार. तुमच्याकडे पाइप टाकून खारं पाणी ओढ्यात काढता येतं, कारण उतार आणि ओढा दोन्ही आहेत. इथली जमीन पाटासारखी सपाट, आणि पाणी मातीतून पाइपपर्यंत पोचायलाच तयार नसतं. आधी जिप्सम, मग निचरा. उघडे चर मात्र नक्की उपयोगी पडतात.

निंबोणी

मी शेतकरी नाही, अकोटची लेक. माहेरी बोरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, म्हणून स्वयंपाकाला वेगळं पाणी भरून ठेवत. ते असो.

मला भेदऱ्यांबद्दल सांगायचंय. आमच्या परसात, मोरीचं पाणी जायचं तिथे आपोआप उगवलेली बारकी भेदरी असत. गोटीएवढी, आंबट-गोड. भाजून, लसूण-मिरची घालून पाट्यावर वाटलेली त्यांची चटणी आणि ज्वारीची भाकर! ती चव आणलेल्या टोमॅटोला येत नाही. त्यांना कोणी खत घातलं नाही की फवारलं नाही, पाणीही तेच खारं. हे आपलं रानटी टोमॅटो नाही का? परदेशात कशाला जायचं?

धुऱ्यावरचा

ताई, भेदऱ्याच्या चटनीचं नाव काढलं आन् तोंडाले पानी सुटलं. हे पानी खारं नाही!

बीजांकुर

निंबोणीताई, ते रानटी नव्हे, पण मोलाचं आहे. भारतात टोमॅटोची मूळची रानटी जात नाही, टोमॅटो आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मार्फत आला. परसातला बारका टोमॅटो हा लागवडीच्याच जातीचा चेरीसारखा प्रकार, जगभर उष्ण प्रदेशात असा आपोआप उगवतो. रानटी पिंपिनेलीफोलियम आणि आजचा मोठा टोमॅटो यांच्या मधल्या पायरीवर त्याची जागा.

इथे एक संशोधन आठवतं. २०२० साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणाऱ्या एका जनुकात (एचएके२०) फरक पडत गेल्याने, रानटी ते मोठा टोमॅटो या प्रवासात खार सोसण्याची ताकद कमी झाली. माणूस मोठं फळ निवडत गेला, गोड्या पाण्यावर, चांगल्या जमिनीत. मीठ सोसणारी झाडं कोणी मुद्दाम टाकली नाहीत, त्यांची गरजच पडली नाही. म्हणून खाऱ्या परसात पिढ्यान्‌पिढ्या स्वतःहून उगवणारी भेदरी मला फार महत्त्वाची वाटतात. त्या जागेनेच त्यांची निवड केलेली असू शकते. कोणाकडे असतील तर बी धुऊन, सावलीत वाळवून ठेवा, गाव लिहून ठेवा.

कवठ

बीजांकुर सर, साधा प्रश्न. हल्लीच्या संकरित टोमॅटोत रोगप्रतिकारक गुण रानटी टोमॅटोतूनच आलेत ना? सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी), पर्णगुच्छ (पानं आकसवणारा विषाणूचा रोग) वगैरे. मग खार सोसायचा गुण का नाही आणता आला?

बीजांकुर

फार चांगला प्रश्न, आणि सगळ्या धाग्याची गाठ इथेच आहे.

सूत्रकृमीविरुद्धचा एमआय जीन पेरूवियानम या रानटी जातीतून आला, पर्णगुच्छाविरुद्धचा टीवाय-१ चिलेन्समधून. हे एकेक जीन आहेत. संकर करायचा, रोग सोडायचा, जे झाड जगलं ते ठेवायचं, पुन्हा लागवडीच्या टोमॅटोशी संकर. काही पिढ्यांत काम होतं.

खार सोसणं असं एका जीनवर नाही. मुळांनी सोडियम बाहेर टाकणं, खोडात चढलेला सोडियम परत काढून घेणं, पानाच्या पोकळीत कोंडणं, पोटॅशियम धरून ठेवणं, पाण्याची ओढ सांभाळणं, या सगळ्यांची वेगवेगळी जनुकं आहेत. त्यातली सोडियम परत काढणारी एचकेटी जनुकं सातव्या गुणसूत्रावर सापडली आहेत. शिवाय अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात (पेन स्टेट) मजीद फूलाद यांनी दाखवलं की बी उगवताना खार सोसणं आणि झाड वाढताना सोसणं ही आनुवंशिकदृष्ट्या वेगळी प्रकरणं आहेत. उगवण चांगली झाली म्हणून पुढे झाड सोसेल असं होत नाही. फळधारणा तिसरंच. आणि रानटी गुणसूत्राचा तुकडा आणला की त्याच्यासोबत बारीक फळ, कडवटपणा, उशिरा पिकणं हेही चालत येतं.

जीन घालण्याचा मार्गही झाला. २००१ साली झांग आणि ब्लूमवाल्ड यांनी सोडियम पोकळीत ढकलणारा जीन टोमॅटोत घातला, ती झाडं लिटरला सुमारे पावणेबारा ग्रॅम मिठाच्या पाण्यात वाढली आणि फळंही धरली. जगभर बातमी झाली. पण तो टोमॅटो अजूनही शेतकऱ्याच्या हातात आलेला नाही. भारतात तर जीएम (बाहेरचा जीन घातलेल्या) पिकांपैकी बीटी कपाशीच लागवडीत आहे.

धुऱ्यावरचा

म्हंजे पन्नास वर्सं झाली, शास्त्रज्ञायले झाड सापडलं, जीन सापडला, आन् आमच्या वावरात काहीच आलं नाही. मंग पैसा कायले घालवता? तेवढ्या पैशात पट्ट्यातल्या गावायले शेततयी बांधून दिली असती.

बीजांकुर

राग समजतो, पण सहमत नाही. शेततळं हवंच. पण दुष्काळाच्या वर्षी शेततळंही आटतं, तेव्हा अर्धं गोडं अर्धं खारं पाणी देऊन झाड तगवावं लागतं. वाणाने मर्यादा २.५ वरून ४ वर नेली तरी खारपाणपट्ट्यात खूप फरक पडेल. हरभऱ्यात हे झालेलं आहे. हरभरा मिठाला फार हळवा, तरी कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने क्षार सोसणारं "करनाल चना-१" वाण दिलं. भातात जनुक संपादनाने (झाडाचंच जनुक नेमकं बदलून) तयार केलेलं पुसा डीएसटी राईस-१ मे २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यात क्षार आणि ताण सोसण्याचा गुण आहे. टोमॅटोतही २०१८ साली क्षार सोसणारा रानटी पिंपिनेलीफोलियम घेऊन, त्याच्यात संपादनाने फळ आणि झाडाची ठेवण सुधारली, सोसण्याचा गुण तसाच राहिला. हा मार्ग मला सगळ्यात आशेचा वाटतो: जो आधीच खार सोसतो त्याला माणसाळवायचं.

धुऱ्यावरचा

हरभऱ्याचं मालूम नव्हतं. ते बी कुठी भेटते ते पाहतो. पन शेततयं पयले, हे माहं म्हननं कायम!

कासवगती

धाग्यात गॅलापॅगोस निघालं आणि कासवांचा उल्लेख नाही, हे मला सहन होणार नाही. रिक यांना तिथल्या टोमॅटोचं बी काही केल्या उगवेना. त्यांनी ते तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घातलं. कासवाच्या पोटातून काही आठवड्यांनी बाहेर पडलेलं बी छान उगवलं. १९६१ साली त्यांनी बोमन यांच्यासोबत हे लिहिलं. आता प्रयोगशाळेत कासवाऐवजी ब्लीचच्या द्रावणात बी बुडवतात, टणक साल मऊ होते.

मोर्णाकाठ

पूर्णाकाठ भाऊ, शेततळ्यात दोन कासवं सोडा म्हणजे बियाण्याची सोय झाली!

पूर्णाकाठ

मुलीला हे वाचून दाखवलं, ती कालपासून कासव मागतेय.

मंडळी, एवढं सविस्तर लिहिताय, फार आभार. चुनखडी साहेब, विनिमययोग्य सोडियम तपासलेला नाही. माझ्या मनात असं होतं की शेततळ्याचं पाणी म्हणजे पावसाचं गोडं पाणी, ते दिलं की खाराचा प्रश्नच संपला. वाणाचं फक्त जास्तीची काळजी म्हणून विचारत होतो. त्यात काही चुकतंय का?

मोर्णाकाठ

काही चुकत नाही. गोडं पाणी, गोडं पीक. बिनधास्त द्या.

चुनखडी

मोर्णाकाठ, थांबा. ही सगळ्यात फसवी जागा आहे.

चोपण मातीला पावसासारखं निव्वळ गोडं पाणी दिलं की ती जास्त विस्कटते. पाण्यात थोडे क्षार असतात तोवर कण एकमेकांना धरून राहतात. ते धुऊन गेले आणि कणांवर सोडियम मात्र तसाच राहिला, की माती सुटते, वर पापुद्रा धरतो, पाणी साचतं. पहिल्या पावसानंतर आपल्या वावरात गारा होतो आणि पाय टाकता येत नाही, त्यामागे हेच आहे. म्हणून गोडं पाणी देण्याआधी कॅल्शियम घालायला हवा, म्हणजे जिप्सम. जिप्समचा कॅल्शियम सोडियमला हटवून कणांवर बसतो, सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली जातो किंवा चरातून बाहेर.

मात्रा मी इथे सांगणार नाही, ती विनिमययोग्य सोडियमवर ठरते. तपासणी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात करून घ्या. जिप्सम पावसाआधी शेवटच्या वखरणीत वरच्या थरात मिसळा, पावसाळ्याचं पाणी त्याचं काम करेल. आता मे चालू आहे, म्हणजे वेळ नेमकी आहे. चुनखडीची जमीन असली तरी जिप्समच लागतं, कारण चुना अशा सामूला जवळजवळ विरघळत नाही. सोबत धैंचा (हिरवळीचं खत) पेरून फुलोऱ्याआधी गाडला तर फारच उत्तम.

मोर्णाकाठ

हे पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्या तळ्याच्या पाण्यावर गेल्या वर्षी वांग्याच्या वाफ्यात पाणी मुरतच नव्हतं, आम्ही म्हणत होतो माती जड म्हणून.

कॅरेटवाला

मी वर्धेकडचा, टोमॅटो हेच माझं पीक. शास्त्र तुम्ही बोललात, मी लागवडीचं बोलतो.

लावण सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला करा. पावसाने मुळाजवळचे क्षार खाली गेलेले असतात आणि पुढे थंडीत झाड पाणी कमी मागतं. उन्हाळी टोमॅटो तुमच्याकडे विसरा, उन्हात तेवढाच खार दुप्पट मारतो. ठिबक लावाच. सरीने पाणी दिलंत तर मीठ वरंब्याच्या माथ्यावर येऊन बसतं, म्हणून रोप माथ्यावर नको, उतारावर लावा. ठिबकमध्ये मीठ ओल्या गोलाच्या कडेला जमतं. अवकाळी पावसाचा हलका शिडकावा आला की तेच मीठ परत मुळाशी सरकतं, म्हणून अशा वेळी ठिबक बंद करू नका, चालू ठेवा. लोक नेमकं उलट करतात.

बूड काळं पडतं ती कॅल्शियमची कमतरता. खारात मुळं कॅल्शियम नीट ओढत नाहीत. फळ धरायला लागल्यापासून कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून द्या. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराइड असतं, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

आणि निंबोणीताईंच्या चवीबद्दल. त्यांची जीभ खरं सांगतेय. थोड्या खाऱ्या पाण्यावर फळ लहान राहतं पण गर घट्ट, साखर जास्त. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात खाऱ्या भूजलावर मुद्दाम असे गोड टोमॅटो पिकवतात. स्पेनच्या आल्मेरियात राफ नावाचा टोमॅटो खाऱ्या पाण्यावरच चव धरतो आणि महाग विकतो. आपल्याकडे व्यापारी कॅरेट वजनावर घेतो, चवीचा रुपया देत नाही. पण पूर्णाकाठ, तुम्ही तर आठवडी बाजारात स्वतः बसणार आहात. तिथे गिऱ्हाईक एक फळ खाऊन पाहतं. चवीचे पैसे तुम्हाला मिळू शकतात.

कवठ

कलमी रोपांबद्दल कोणी बोललं नाही. छत्तीसगडात वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम केलेली रोपं सर्रास मिळतात. खार सोसणारा खुंट, वर चांगलं फळ देणारं वाण, असं नाही का करता येणार?

बीजांकुर

येतं, आणि आज हाताशी असलेला तोच सगळ्यात सरळ मार्ग. स्पेनमध्ये प्रयोगांत दिसलंय की योग्य खुंटावर कलम केलं की वरच्या फांदीत सोडियम कमी पोचतो आणि खाऱ्या पाण्यावरही फळ जास्त मिळतं. रानटी जातीशी संकर केलेले खुंट परदेशात विकतही मिळतात. इथे रानटी जातीचं बारीक फळ आडवं येत नाही, कारण ती फक्त मुळात असते. आपल्याकडचे वांग्याचे खुंट मुख्यतः मर रोग, सूत्रकृमी आणि साचलेल्या पाण्यासाठी आहेत. साचलेलं पाणी सोसणं हाही आपल्या काळ्या जमिनीत फायदाच. मात्र तो खुंट खारही सोसतो असं विक्रेता म्हणाला तर चाचणी कुठे झाली ते विचारा. वांग्याची स्वतःची मर्यादा टोमॅटोपेक्षा कमी आहे.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर. दुकानातलं "खार सहन करणारं" टोमॅटोचं वाण: किती वाहकतेला, कुठल्या मातीत, किती उत्पादन, हे तीन आकडे लेखी द्या म्हणावं. माझ्या माहितीत आपल्या बाजारात टोमॅटोचं असं सिद्ध झालेलं वाण नाही. त्या नावाखाली जादा पैसे देऊ नका. तुमच्या भागात चालणारं, पर्णगुच्छाला तोंड देणारं चांगलं वाण घ्या. रानटी बी ऑनलाइन मागवू नका, परदेशी बियाण्याला दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत परवाना आणि क्वारंटाइन लागतं. नवा रोग गावात यायला एक पाकीट पुरतं.

पूर्णाकाठ

ठरलं. उद्या मातीचे नमुने अकोल्याला पाठवतो, अहवाल आला की जिप्सम. पाऊण भागात नेहमीची रोपं, पाव भागात कलमी. आणि एका कडेला निंबोणीताई सांगतात तशी गावातली बारकी भेदरी. आईला विचारलं, ती म्हणाली नदीकाठच्या जुन्या घरांच्या मागे अजून उगवतात. चार ओळी शेततळ्याच्या पाण्यावर आणि चार ओळी तळ्याचं-बोरचं पाणी मिसळून, असं करून पाहावं म्हणतो. मिसळायचं किती?

चुनखडी

निम्मं-निम्मं केलंत तर वाहकता दोनच्या आसपास येईल. तेवढ्यावर टोमॅटोचं नुकसान थोडंच होतं आणि मातीलाही निव्वळ गोड्या पाण्यापेक्षा बरं. पण रोपं लागून जोमात येईपर्यंत सगळ्या ओळींना गोडंच पाणी द्या, आणि मिसळलेलं पाणी दर वेळी मोजा. पावसाळ्यानंतर बोरची वाहकता बदलते.

पूर्णाकाठ

मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे.

मोर्णाकाठ

माझ्याकडे आहे, हातात धरायचं. रविवारी मूर्तिजापूरला येतोय लग्नाला. बोरच्या पाण्याची बाटली घेऊन या, ती मोजून यंत्र तुम्हालाच देतो, हंगाम झाला की परत करा.

धुऱ्यावरचा

मोर्णाकाठ भाऊ, मी बी मूर्तिजापूरलेच रायतो. माह्या बोरची बाटली आनतो, आन् त्या बारक्या भेदऱ्याचं बी मले बी पाहिजे.